परिचर्या शिक्षणात नाटक : संवाद लिहून द्यावेत का?

प्रश्न : मी परिचर्या महाविद्यालयात पाठ्यनिर्देशिका आहे. रुग्णांशी व नातेवाइकांशी कसे बोलावे हे शिकवण्यासाठी आम्ही विद्यार्थिनींकडून छोटे नाट्यप्रसंग करून घेतो. मी लिहून दिलेले संवाद त्या चोख म्हणतात, टाळ्याही पडतात. पण वॉर्डात चिडलेला नातेवाईक समोर आला की त्याच मुली गप्प होतात. कोठे चुकत असावे?

उत्तर : आपण संवाद लिहून देता, अडचण तेथेच आहे. पाठ केलेले बोलणाऱ्या मुलीचे लक्ष आपल्या पुढच्या वाक्याकडे असते, त्यामुळे समोरच्याचे ऐकण्याची तिला गरजच उरत नाही. त्याऐवजी दोघींना वेगवेगळ्या चिठ्ठ्या द्याव्यात. ‘रात्रीचे २ वाजले आहेत, वडिलांचे सलाईन संपत आल्याचे तुम्ही दोनदा सांगून आलात, मनातून घाबरला आहात पण तसे बोलणार नाही,’ असे एकीच्या चिठ्ठीत. ‘वॉर्डात तुम्ही एकट्याच आहात आणि पलीकडच्या खाटेवरील रुग्णाला धाप लागली आहे,’ असे दुसरीच्या. एकीची चिठ्ठी दुसरीला कळू नये.

ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्तो बोआल यांनी १९७०च्या दशकात विकसित केलेली ‘फोरम थिएटर’ची रीत येथे फार उपयोगी पडते. प्रसंग एकदा पुरता बिघडू द्यायचा, मग तोच पुन्हा सुरू करायचा आणि प्रेक्षकांतील जिला वाटेल तिने ‘थांबा’ म्हणून परिचारिकेची जागा घ्यायची. परिचारिकेने केसपेपरवरची नजर न उचलता ‘डॉक्टर आल्यावर विचारा’ म्हटले तेव्हा रुग्णाच्या मुलाचा आवाज चढला. ‘तुम्ही दोनदा येऊन गेलात, माझ्या लक्षात आहे, यांना ऑक्सिजन लावते आणि लगेच येते’ म्हटले तेव्हा तो आवाज खाली आला, हा फरक मुली स्वतः पाहतात. नातेवाइकाला मात्र मध्येच समजूतदार करू नये. (बोआल यांच्या रंगभूमीत प्रेक्षक दबलेल्याची, म्हणजे ज्याच्यावर अन्याय होतो त्याची, जागा घेतो; वॉर्डात दबलेले नेमके कोण, हा वाद वर्गात खुशाल रंगू द्यावा.)

प्रसंग तीन-चार मिनिटांचा पुरे. त्यानंतरच्या चर्चेला त्याहून कितीतरी अधिक वेळ ठेवावा आणि तिथे गुण देऊ नयेत. पहिला प्रश्न नातेवाईक झालेल्या मुलीला विचारावा : कोणत्या वाक्याला राग आला? प्रशिक्षित व्यक्तीला रुग्ण म्हणून बसवण्याची पद्धत अमेरिकी डॉक्टर हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू केली आणि परीक्षेसाठी ती उत्तमच आहे. तरीही प्रत्येक विद्यार्थिनीने एकदा स्वतः खाटेवर पडून, डोक्यावरून चाललेले इतरांचे बोलणे ऐकावे, हे मला अधिक मोलाचे वाटते.

घरी नुकताच मृत्यू किंवा मोठे आजारपण झालेल्या मुलीला तसा प्रसंग देऊ नये. इतरांनीही शेवटी भूमिकेतून बाहेर येण्यासाठी भूमिकेतील वस्तू काढून ठेवावी, स्वतःचे नाव मोठ्याने सांगावे आणि मगच जागेवर जाऊन बसावे.