तिला मत हवंय, पण आज रात्री काय हवंय?

या वेळच्या पत्रांमध्ये स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीवर पटकथा लिहिणाऱ्यांची पत्रं बरीच होती आणि बहुतेकांचं घोडं एकाच जागी अडलं होतं: नायिकेचं ध्येय. म्हणून हा पूर्ण भाग त्यांच्यासाठी.

प्रश्न : माझी नायिका १९१२ साली लंडनमध्ये टायपिस्ट आहे. वय २४, अविवाहित, आईवडिलांकडे राहते. तिचं ध्येय ‘स्त्रियांना मताचा हक्क मिळवून देणं’ हे आहे. निर्माते म्हणतात, ध्येय धूसर आहे. याहून स्पष्ट ध्येय काय असणार?

निर्मात्यांचं बरोबर आहे. मताचा हक्क हे चळवळीचं ध्येय झालं. नायिकेला मात्र असं काहीतरी हवं असावं लागतं, जे एका ठरावीक माणसाकडून, ठरावीक दिवसाच्या आत मिळेल किंवा हातचं जाईल. आणि ते मिळालं की गेलं, हे आवाज बंद करून चित्रपट पाहणाऱ्यालाही कळलं पाहिजे.

तुमच्या टायपिस्टच्या आयुष्याचा हिशेब मांडून बघा. ब्रिटनमध्ये पहिला कायदा फेब्रुवारी १९१८ मध्ये झाला. त्यानं मत दिलं ते तीस वर्षं पूर्ण झालेल्या स्त्रियांना, आणि त्यातही मुख्यतः ज्यांच्या किंवा ज्यांच्या नवऱ्याच्या ताब्यात घर-जागा होती त्यांना. तुमची नायिका तोवर तिशीला पोचते, पण आईवडिलांच्या घरात राहणारी अविवाहित मुलगी जागेच्या अटीत बसत नाही. एकवीस वर्षांवरच्या सगळ्या स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीचा हक्क मिळाला जुलै १९२८ मध्ये, आणि त्यानंतरची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली ३० मे १९२९ रोजी. म्हणजे ती पहिल्यांदा मत देईल तेव्हा एक्केचाळीस वर्षांची असेल. सतरा वर्षं लांबचं ध्येय घेऊन एकही प्रसंग उभा राहत नाही, कारण आज तिनं काही केलं काय आणि न केलं काय, फरक पडताना दिसत नाही.

मी तुमच्या जागी असते तर कथा एक वर्ष मागे नेली असती. २ एप्रिल १९११, रविवार. त्या रात्री ब्रिटनमध्ये जनगणना होती. जो ज्या छपराखाली रात्र काढेल त्याची तिथे नोंद, आणि फॉर्म भरायचा कुटुंबप्रमुखानं. मताधिकारवाल्या संघटनांनी बहिष्कार पुकारला: आम्ही मतदार म्हणून मोजण्यात येत नसू, तर माणूस म्हणूनही मोजू नका. कित्येकींनी रात्र घराबाहेर काढली, लंडनमधल्या एका स्केटिंगच्या सभागृहात तर रात्रभर गर्दी होती. चळवळीतली एमिली डेव्हिसन पार्लमेंटच्या तळघरातल्या प्रार्थनामंदिराच्या कपाटात दडून बसली. सापडली, आणि तिची नोंद त्याच पत्त्यावर झाली.

आता तुमच्या टायपिस्टचं घर. रात्रीचं जेवण उरकलंय. वडील टेबल पुसून फॉर्म पसरतात. पहिल्या ओळीत स्वतःचं नाव, मग बायकोचं. मुलीच्या ओळीपाशी येतात, टाक दौतीत बुडवतात आणि मान वर करतात. मुलगी दारात कोट घालून उभी आहे. उजाडेपर्यंत तिला या घराबाहेर राहायचंय, आणि वडिलांनी त्या ओळीत तिचं नाव लिहायचं नाहीये. तिच्या मते खोटी नोंद करणं हा वडिलांचा गुन्हा, वडिलांच्या मते नोंद लपवणं हा. ती निघून गेली तर वडील लिहितील का, आणि लिहिलं तर ती परत या घरात पाऊल ठेवेल का, एवढ्यावर अख्खा मध्यंतरापर्यंतचा भाग चालेल. मताचा हक्क या शब्दाचा उच्चारही न होता प्रेक्षकाला तो कळेल, कारण ज्या माणसाला मत आहे त्याच्याच हातात टाक आहे.

प्रश्न : शेवट सगळ्यांना माहीत आहे, स्त्रिया जिंकल्या. मग नायिकेच्या ध्येयात ताण कुठून आणायचा? मी अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या ऑगस्ट १९२० वर लिहितो आहे.

प्रसंग उत्तम निवडलात. स्त्रियांना मत देणाऱ्या घटनादुरुस्तीला ३६ राज्यांची संमती हवी होती, ३५ मिळाली होती. टेनेसीच्या प्रतिनिधिगृहात विरोधक कोटाला लाल गुलाब लावून बसलेले, बाजूचे पिवळा. १८ तारखेला ठराव बाजूला सारण्याच्या सूचनेवर मतं पडली ४८ विरुद्ध ४८, म्हणजे सूचना बारगळली. मग त्याच दिवशी खुद्द ठरावावर मतदान होताना, लाल गुलाब लावलेला चोवीस वर्षांचा सदस्य हॅरी बर्न अचानक होकार देतो. खिशात आईचं पत्र असतं, मताधिकाराच्या बाजूनं मत दे असं सांगणारं.

शेवट माहीत असल्याची काळजी सोडा. प्रेक्षकाला कायदा माहीत असतो, तुमची बाई माहीत नसते. तुमच्या पटकथेचा खरा धोका वेगळा आहे. उत्कर्षबिंदूचा निर्णय एक तरुण पुरुष घेतो, तोही नायिकेच्या गैरहजेरीत आलेल्या पत्रामुळे. ती गॅलरीत हात जोडून बसलेली राहिली, तर दीड तास तिच्याबरोबर धावलेला प्रेक्षक शेवटी दुसऱ्याच माणसाकडे बघत बसेल.

म्हणून तिचं ध्येय ठरावाच्या जिंकण्याला बांधू नका. तिच्याकडे एका कुंपणावरच्या सदस्याची जबाबदारी द्या. हा सदस्य काल्पनिक ठेवा. मतदानाच्या दिवशी तो सभागृहात हजर हवा, एवढंच तिचं काम. आजारी मुलाचं निमित्त करून तो नॅशव्हिलहून गाडीनं निसटू पाहतोय, आणि मूल खरोखर आजारी आहे. त्याला थांबवायचं की जाऊ द्यायचं? हा निर्णय तिचा आणि त्याची किंमतही तिचीच. बर्नचं मत इतिहासाप्रमाणे पडेलच. पण तिचा माणूस खुर्चीत नसता तर ते एक मत पुरलं नसतं, हे गणित तुम्ही आधीच प्रेक्षकाच्या हातात दिलेलं असेल.

प्रश्न : खलनायक म्हणून पोलीस अधिकारी घ्यावा की मंत्री?

दोघांच्याही आधी एखादी स्त्री घेऊन पाहा. ब्रिटनमध्ये १९०८ साली मताधिकाराच्या विरोधात स्त्रियांचीच राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि तिच्या पुढाऱ्यांत लोकप्रिय कादंबरीकार मेरी वॉर्ड होत्या. मुलींच्या उच्च शिक्षणासाठी त्या झटल्या होत्या. अशा बाईचे युक्तिवाद दुबळे करू नका, नाहीतर तुमच्या नायिकेला ध्येयासाठी खरी झुंज द्यावीच लागणार नाही.

प्रश्न : मी लेडी कॉन्स्टन्स लिटनवर लिहिते आहे. खऱ्या व्यक्तीचं ध्येय मी ठरवावं का? सल्लागार म्हणतात, तिला एक अपुरी प्रेमकथा द्या म्हणजे ‘आतली गरज’ तयार होईल.

प्रेमकथा नको. कळकळीनं सांगते, नको. तिनं जे केलं त्यात ध्येय इतकं लखलखीत आहे की आपण फक्त आडवं येऊ नये.

हिंदुस्थानच्या एका व्हाइसरॉयची ही मुलगी, ब्रिटनमधल्या मताधिकाराच्या चळवळीतली. १९०९ मध्ये न्यूकॅसलला अटक झाली, तुरुंगात तिनं उपोषण केलं, डॉक्टरांनी हृदय तपासलं, ते अशक्त निघालं आणि तिला सोडून दिलं. बाकीच्यांच्या नाकातोंडात नळ्या घालून जबरदस्तीनं अन्न ओतलं जात होतं. तिच्या मनात आलं, हे माझ्या हृदयामुळे झालं की माझ्या आडनावामुळे? मग तिनं केस कापले, चष्मा चढवला, स्वस्तातले कपडे घेतले, जेन वॉर्टन नावाची शिवणकाम करणारी बाई झाली आणि जानेवारी १९१० मध्ये लिव्हरपूलला स्वतःला अटक करवून घेतली. तिथे पहिल्यांदा नळी घालण्याआधी कुणी हृदय तपासलं नाही. आठ वेळा नळी घातली.

ध्येय काय, तर ‘एका गरीब बाईला जसं वागवता तसं मला वागवा’. तुरुंगातल्या डॉक्टरानं छातीला स्टेथोस्कोप लावला की ती हरली, नाही लावला की जिंकली, आणि जिंकणं म्हणजे ते सगळं अंगावर घेणं. हे मी कितीदा वाचलं तरी घसा दाटतो. तुमचं काम खिडकी निवडण्याचं आहे: न्यूकॅसलच्या सुटकेपासून लिव्हरपूलच्या सुटकेपर्यंत, काही महिने. पुढे तिला पक्षाघात झाला, उजवा हात गेला आणि डाव्या हातानं तिनं तुरुंगाच्या आठवणी लिहिल्या. मोह होईल, पण तो दुसरा चित्रपट आहे. संवाद कल्पनेनं लिहा. तिनं काय केलं, कशासाठी केलं आणि त्याचं काय झालं, याला हात लावू नका.

प्रश्न : भारतात बायकांना मत आयतं मिळालं, इथे संघर्षच नव्हता, असं सांगून माझी कथा दोन ठिकाणी नाकारली गेली. खरंच नायिकेला ध्येय मिळणार नाही का?

आयतं म्हणणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात. १८ डिसेंबर १९१७ ला सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं शिष्टमंडळ मद्रासमध्ये ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटलं. मताधिकाराचे नियम ठरवणाऱ्या साउथबरो समितीनं मागणी फेटाळली. १९१९ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठान साक्ष द्यायला लंडनला गेल्या. तिथे निर्णय प्रांतांच्या कायदेमंडळांवर सोपवला गेला. मद्रास आणि मुंबई प्रांतांनी १९२१ मध्ये होकार दिला, बंगालनं त्याच वर्षी नकार दिला आणि १९२५ मध्ये मान्य केलं. तेही मालमत्तेच्या अटीवर, म्हणजे मूठभर स्त्रियांना. आई-लेक लंडनमध्ये दार-दार फिरताहेत, यातही चित्रपट आहे.

पण माझं मन ओढ घेतं ते त्यानंतरच्या काळाकडे. स्वतंत्र भारतात सर्वांना मत मिळालं, पहिल्या निवडणुकीच्या याद्या तयार होऊ लागल्या, आणि उत्तरेकडच्या राज्यांत असंख्य बायका आपलं नाव सांगेनात. परक्या पुरुषापुढे नाव घ्यायचं नाही, ही रीत. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद मान्य केली नाही, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीबाहेर राहिली.

इथे हक्क कागदावर हातात आलेला आहे आणि मध्ये एक शब्द आडवा आहे. तुमच्या नायिकेचं ध्येय: यादी बंद होण्याआधी आपलं नाव त्या कारकुनाला सांगायचं. सासू ओसरीवर आहे, नवरा शेतावर गेलाय, दाराआडून बांगड्या तेवढ्या दिसताहेत. नवऱ्याला दुष्ट करू नका. तो भला असेल आणि ‘मी सांगतो ना तिचं नाव’ म्हणेल, तर प्रसंग फार अवघड होईल, कारण मग तिला भल्या माणसालाच थांबवावं लागेल. आणि लग्नात तिचं नाव बदललेलं असेल, तर कोणतं नाव सांगायचं, हाही प्रश्न तिचाच.

नकार देणाऱ्यांना सध्या पूर्ण कथा पाठवू नका. कारकून दाराशी येतो तिथपासून तो वही मिटून पुढच्या घराकडे वळतो तिथपर्यंतची चार पानं लिहा. त्यात ती नाव सांगत नाही. वही मिटल्यावर ती काय करते, तिथून तुमची कथा सुरू होते.