आजी बरी का होत नाही?

प्रश्न : आम्ही कोल्हापूरचे, वायल्डर मेमोरियल चर्चच्या बाकांवर वाढलेले. 6 वर्षं टोरांटोत आहोत. पीआरचा, म्हणजे कॅनडात कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज अडकलाय, तिकडे सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. आगमनकाळाची (नाताळाआधीचे चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती) पहिली मेणबत्ती लावताना लेकीनं विचारलं, ‘देव वचन पाळतो ना? मग आजी बरी का होत नाही?’ मी गप्प बसले. खरं तर माझंच मन डळमळलंय.

उत्तर : लेकीला खरं ते सांग बाळ. आजी बरी होईलच, असं वचन देवानं दिलेलं नाही. कडू लागेल, पण आपण मागितलेलं आणि त्यानं कबूल केलेलं यांची सरमिसळ झाली, की दर डिसेंबरात देव खोटा ठरतो. पीआरसाठी रोज प्रार्थना कर, पण पीआर म्हणजे काही तारणाची पावती नव्हे.

वचन आहे ते पापातून आणि मरणातून सोडवणाऱ्याचं. लूकच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायातला शिमोन बघ, त्या सोडवणाऱ्याची वाट बघत राहिलेला. मंदिरात बाळ येशूला हातांवर घेतो आणि म्हणतो, माझ्या डोळ्यांनी तुझं तारण पाहिलं. पाहिलं काय, तर 40 दिवसांचं पोर. बाहेर रोमचं राज्य जसंच्या तसं.

इकडे आता ऊसतोड सुरू आहे. माझ्या भावाचा आडसाली ऊस गेल्या वर्षीच्या जुलैतला, म्हणजे 17 महिने रानात उभा. एवढे दिवस तो काय हात बांधून बसला? भर लावली, पाला काढला, रात्री लाईट आली की पाणी पाजायला उठला. टोळी अजून आलेली नाही. रोज चिटबॉयला (कारखान्याचा तोडीची चिठ्ठी देणारा माणूस) फोन आणि रोज शिव्या. (शिव्या देणाराही वाटच बघत असतो, हे माझं मत. पाळकसाहेबांना पटत नाही.) याकोबाच्या पत्रात, 5:7 मध्ये, धीर धरणारा माणूस शेतकरीच आहे. तेव्हा मन डळमळलं म्हणून मेणबत्ती चुकवू नकोस.

रविवारी सकाळी 9 ला लाव. इथं संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. फोन सासूबाईंच्या उशाशी ठेवायला सांग. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं ख्रिस्ती गीत त्यांना पाठ असेलच, आवाज फुटेल तेवढं म्हणू देत. आणि लेकीचा प्रश्न तू अडवू नकोस, थेट आजीलाच विचारू दे. त्या काय सांगतील ते मलाही कळव.

करंज्या मात्र तिसरी, गुलाबी मेणबत्ती लागल्याशिवाय करू नकोस. पोरं डबा नाताळपर्यंत टिकू देत नाहीत.