शेडनेटमधली रोपे रानात येताच पांढरी का पडतात?

प्रश्न : मिरचीची रोपे शेडनेटमधून काढून थेट रानात लावली. तिसऱ्याच दिवशी वरची पाने पांढुरकी पडली, खालची हिरवी आहेत. युरिया द्यावा का?

उत्तर : युरियाची घाई नको. युरियातून मिळते ते नत्र, आणि नत्र कमी पडले की आधी खालची, जुनी पाने पिवळी पडतात. तुमच्याकडे उन्हाच्या तोंडची पानेच तेवढी पांढरी आहेत, म्हणजे ऊन सोसले नाही.

‘ऊन जास्त तर वाढ जास्त’ हा हिशेब काही मर्यादेपर्यंतच खरा. भर दुपारचा सगळा प्रकाश मिरचीच्या पानाला वापरता येत नाही. उरलेली ऊर्जा पान उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकते. तेही पुरेनासे झाले, की प्रकाश पकडणाऱ्या यंत्रणेतले डी-१ हे प्रथिन मोडू लागते. ही मोडतोड निरोगी पानातही रोज होते आणि रोज दुरुस्तही होते. दुरुस्ती मागे पडली की मात्र प्रकाशसंश्लेषण घटते आणि पुढे हरितद्रव्यही जाते. सावलीत वाढलेल्या पानाची ही तयारी मुळातच कमी असते.

त्यात रोपाला पाण्याचा ताण असेल तर पर्णरंध्रे, म्हणजे पानावरची बारीक छिद्रे, मिटतात. कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, प्रकाश मात्र येतच राहतो आणि न वापरलेली ऊर्जा वाढते. म्हणून नव्या लागवडीत मी खतापेक्षा पाण्याकडे आधी बघतो. गारठ्यात लख्ख ऊन पडले तरी हाच त्रास होतो, कारण थंडीत दुरुस्ती मंदावते.

आता वाफसा (माती ओलसर, पण चिखल नाही अशी स्थिती) टिकवा आणि आठवडाभर दुपारपुरता आडोसा करा. पांढरी झालेली पाने परत हिरवी होणार नाहीत. नवा शेंडा हिरवा येतो का, ते पाहा. पुढच्या वेळी लागवडीआधी 7 ते 10 दिवस रोपे कणखर करा. सुरुवातीला फक्त सकाळचे कोवळे ऊन द्या, मग रोज वेळ वाढवा. लागवड संध्याकाळी करा.

प्रश्न : स्पिरुलिनाच्या नव्या टाकीतला हिरवा रंग उन्हात फिका पडतो. टाकीत सोडलेले बी खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. स्पिरुलिना हे धाग्यासारखे सूक्ष्म निळे-हिरवे शैवाल. नव्या टाकीत ते विरळ असते, त्यामुळे प्रत्येक धाग्यावर पूर्ण ऊन पडते आणि मिरचीच्या पानासारखाच त्रास होतो. दाट झाल्यावर धागेच एकमेकांना सावली करतात. तोवर टाकीवर शेडनेट ठेवा आणि पाणी ढवळत राहा, म्हणजे तेच धागे सतत वर राहणार नाहीत. रंग गडद झाला की नेट काढा.