आधीचं लिही

बाळा,

तुझा मेसेज रात्री पावणेतीनला आलाय. मी वेळ आधी बघितली, मजकूर नंतर वाचला. सकाळी सहाला बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात शिफ्टला उभा राहणारा मुलगा पावणेतीनला जागा कसा? तू लिहितोस, 'सर, हे माझ्या मनाचे खेळ नाहीत, ते खरंच माझ्याबद्दल बोलतात.' बोलत असतीलही. मी कुठं नाही म्हणतोय?

मी विचारतोय ते वेगळं. कँटीनमध्ये ते दोघं 'नोड्री' (कन्नडात 'बघा') म्हणून हसले, त्याच्या तासभर आधी तुला काय वाटत होतं? एवढ्या लांबलचक मेसेजात त्याची एकच ओळ आहे, आणि तीही कंसात: सुपरवायझरनं तू बनवलेला भाग रिजेक्ट केला, सगळ्यांसमोर बोलला. अरे, कंसात कशाला टाकलंस? छातीत धडधड सुरू झाली, आपण कुठल्याच कामाचे नाही असं वाटलं, आणि तशातच ते हसू कानावर पडलं. त्यांचं कन्नड झपाझप, तुझं भाजीबाजारापुरतं. जे कळलं नाही ते भीतीनं भरून काढलं. त्यात आपली घरं १९५६ पासून या सीमेच्या वादात वाढलेली. 'ते' कोण, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

म्हणून माझं एकच सांगणं. संशय लिहायचा तर त्याच्या आधीचं लिही. काय घडलं, पोटात काय झालं, आदल्या रात्री झोप किती झाली. वहीत आधीच्या रकान्यात ते, मग माणसांची नावं.

हे मी मनचं सांगत नाही. नेदरलँड्समध्ये काही संशोधकांनी लोकांना दिवसातून अनेकदा घड्याळाच्या इशाऱ्यावर थांबवून त्या क्षणी मनात काय चाललंय ते लिहायला लावलं. २०११ साली छापून आलं ते असं, की संशयाचा झटका सुरू होण्याआधी अस्वस्थता वाढलेली असते आणि स्वतःबद्दलचं मत घसरलेलं असतं. लंडनमध्ये डॅनियल फ्रीमन या मानसशास्त्रज्ञांनी २०० साध्या माणसांना आभासी भुयारी रेल्वेत बसवलं. डब्यातले प्रवासी संगणकाने बनवलेले, मुद्दाम कोऱ्या चेहऱ्याचे. तरी कुणाला ते प्रेमळ वाटले, तर कुणाला आपल्यावर टपलेले. ज्यांना काळजी करायची खोड होती, जे स्वतःला कमी लेखत होते, त्यांना ते जास्त टपलेले दिसले.

पुढे गाडं उलटंही फिरतं. संशय आला की भीती वाढते, भीती वाढली की माणूस बाजूला होतो. तू आता कंप्रेसरच्या मागे बसून एकट्यानं डबा खातोस, म्हणे. कामाचा व्हॉट्सॲप ग्रुपही सोडलास! छान. आता ती माणसं साधी आहेत हे तुला कळणार तरी कुठून? आणि तू असा तुटक वागलास की ती खरंच तुझ्याबद्दल बोलायला लागतील, मग तू म्हणणार, बघा सर, मी म्हणत नव्हतो?

माझ्या स्टाफरूममधल्या एकाशी मी बोलणं टाकलं होतं. त्यानं वरती माझी चहाडी केली, हे मी आजही म्हणतो, आणि तसं म्हणायला माझ्याकडे कारणं आहेत. ती तू ऐकलीस तर तूही माझ्याच बाजूनं बोलशील. पण परवा त्या वर्षाची डायरी काढली. पानंच्या पानं त्याच्यावर. वडील अंथरुणाला खिळलेले, माझी बढती हुकलेली, याचा एक शब्द नाही. तो हुबळीला मुलाकडे गेला आणि तिथंच वारला. आता विचारणार कुणाला? असो. चहाडी केलीच होती त्यानं.

तुझ्या झोपेबद्दल. 'झोपेचं काय एवढं' असं म्हणू नकोस. ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवर एक चाचणी झाली, २०१७ साली प्रसिद्ध झाली. निद्रानाशावर उपचार मिळालेल्यांची झोप सुधारली आणि संशयही, थोडा का होईना, उतरला. म्हणजे संशयाशी वाद न घालताही तो कमी होतो. तू मात्र रात्रभर त्याच्याशी भांडत बसतोस.

आणि नुसतं वाटणं नाही, कुणी पाठलाग करतंय, कुणी नसताना आवाज येताहेत असं झालं, तर ही वही पुरणार नाही. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर, भाषा निवडता येते. नाहीतर धारवाडची डिमहान्स, मानसिक आजारांची सरकारी संस्था, आहेच. मी सोबत येतो, घरी काय सांगायचं तेही मी बघतो. त्यात लाजायचं काय?

राजीनाम्याचा कागद मात्र खिशातच ठेव. नोकरी वाईट असेल तर सोड की, कोण अडवतंय? पण पावणेतीनला ठरवलेलं मी धरत नाही.

रविवारी सकाळी घरी ये, वही घेऊन. आधीचा रकाना कोरा दिसला तर परत पाठवीन.

तुझा,
सर