चेनसॉ चालवताना पायात काय घालावं?

भावा, मशीन घेतलंस ते बरं केलंस, पण साध्या जीन्सवर पाटणच्या उतारावर सिल्व्हर ओक पाडायला जाऊ नकोस. जीन्स कितीही जाड असली तरी चेन तिला जुमानत नाही.

चेनसॉसाठी खास संरक्षक पँट मिळते, तिच्यात आत लांब, चिवट धाग्यांचे थर असतात. वरचं कापड फाटलं की चेन ते धागे ओढून घेते, ते स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात, गुंततात आणि चेन अडकते. लेबलावर क्लास बघ: क्लास १ ची तपासणी सेकंदाला २० मीटर चेनवेगाला होते, क्लास २ ची २४ ला. तरी ही पँट म्हणजे चिलखत नव्हे. इलेक्ट्रिक मशीनचा जोर कमी वेगातही टिकतो, तिथं तर धाग्यांवर फार विसंबू नये.

उन्हाळ्यात माण-खटावकडं पूर्ण पँटमध्ये जीव उकडतो. मग चॅप्स घे, म्हणजे नेहमीच्या पँटवर पट्ट्यांनी बांधायची पायांची संरक्षक आवरणं. पण मागचे सगळे पट्टे लाव, अगदी पोटरीचासुद्धा! सैल चॅप्स फिरतात आणि मांडी उघडी पडते. लांबी बुटावर आली पाहिजे. चॅप्स मुख्यतः समोरूनच वाचवतात, झाडावर चढून कापणार असशील तर सगळीकडून थर असलेली टाइप सी पँटच हवी.

धुताना ब्लीच नको, इस्त्री तर नकोच. ऑइल-पेट्रोल मुरू देऊ नकोस. आणि एकदा धाग्यांपर्यंत चिरली की शिंप्याकडं नेऊ नकोस. आरपार शिवण घातली की धागे जखडतात, मग ते बाहेर येणार कसे? ती पँट फेकूनच द्यायची.