डेकचा पैसा फळीत नको, पायाभरणीत घाला

घर-अंगण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरामागे मोकळी जागा आहे. वडिलांना संध्याकाळी बसायला तिथं 12 बाय 10 फुटांचा डेक, म्हणजे फळ्यांचा उंच ओटा, करायचाय. सुतार म्हणतो सागवानच घ्या. दुकानदार म्हणतो डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्या) टाका, देखभालीची कटकट नाही. जमीन काळी आहे. काय घ्यावं?
– एक वाचक, औसा

उत्तर : दादा, जमीन काळी आहे हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच. सुतार आणि दुकानदार दोघंही वरच्या फळीवरून भांडतायत. आपल्याकडं डेक बिघडतो तो बहुतेक वेळा खालून.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उभा केलेला खांब वर-खाली होणारच. म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या. मुरूम फारच खोल असेल, तर खड्डा रुंद घ्या, काळी माती उचलून टाका, बाहेरून मुरूम आणून थर देत, पाणी मारत धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट बसवा, आणि त्यावर काँक्रीट घाला. डेक घराच्या जोत्याला जखडू नका, मध्ये बोटभर फट ठेवा. दोघांचे पाये वेगळे, त्यामुळे दोघं आपापले हलणार.

लाकडी खांब मातीत पुरायचा नाही. काँक्रीटचा ठोकळा जमिनीच्या वर सहा इंच येऊ द्या, त्यावर लोखंडी प्लेट. सांगाडा मी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपचाच करते. वेल्डिंग केलं की त्या जागचं जस्त जळून जातं आणि गंज तिथूनच धरतो, म्हणून प्रत्येक जोडावर झिंक प्रायमर हवा. वेल्डर हे काम हमखास टाळतो. शेजारी उभं राहून करून घ्या.

डेकखाली निदान फूट-दीड फूट मोकळं राहू द्या. जमिनीला घरापासून बाहेर उतार द्या आणि वर खडी पसरा. वाळवी ठोकळ्यावरून मातीची बारीक नळी बांधत वर चढते. सहा इंच काँक्रीट उघडं असलं की ती टॉर्चच्या उजेडात लगेच दिसते. दिसली की नुसती खरवडून थांबू नका, वाळवीचं औषध मारणाऱ्याला बोलवा. विंचवाच्या भीतीनं लोक खालून चारी बाजूंनी विटा लावून टाकतात. तसं करू नका, वारा बंद झाला की लाकूड कुजलंच. जाळी लावा, एका बाजूची काढता येईल अशी.

आता फळी. सागवान चांगलंच, पण गाभ्याचं. कडेचा पांढुरका पट्टा असलेली फळी सागवान म्हणूनच विकली जाते आणि वाळवी तोच पट्टा आधी खाते. जुनं माळवद किंवा वाडा उतरवल्यावर निघालेलं सागवान मिळालं, तर मी नव्यापेक्षा तेच घेईन. ते केव्हाच वाळून स्थिर झालेलं असतं. फक्त रंधा मारण्याआधी खिळे शोधून काढा, नाहीतर सुतार कामच सोडून जाईल. फळी चार इंच रुंद, इंचभर जाड, दोन फळ्यांत पाच-सहा मिलिमीटर फट. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, 304 ग्रेडचे. साधे लोखंडी स्क्रू सागवानावर पहिल्याच पावसात काळे ओघळ सोडतात.

डब्ल्यूपीसीला वाळवी सहसा लागत नाही, तेल पाजावं लागत नाही, हे खरं. पण दाराच्या चौकटीसाठी मिळतात ते बोर्ड बहुतेक पीव्हीसीचे असतात, ते उन्हात टाकायचे नाहीत. डेकसाठीच्या फळ्या वेगळ्या मागा. त्या उन्हात लांबीला वाढतात, म्हणून टोकांना कंपनी सांगेल तेवढी फट सोडायची आणि खालचे आधार 12 ते 16 इंचांवर घ्यायचे. कंजूषपणा केला तर फळी मध्ये लवते. आणि गडद रंग घेऊच नका. आमच्या परभणीत एप्रिलच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून बघा, मग वडिलांसाठी निवडा.

माझं मत विचाराल तर जागेवर दुपारनंतर सावली येत असेल तर सागवान. दिवसभर ऊन असेल आणि वर्षाला तेल लावणं होणार नसेल, तर डेकचा नाद सोडा आणि शहाबादी फरशीचा, पॉलिश न केलेला खरबरीत ओटा बांधा. पैसे वाचतील.

देखभालीचं एकच मोठं सांगते : कूलर. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत तो डेकवर ठेवला जातो आणि एकाच जागी ठिबकत राहतो. बोअरचं पाणी जड, त्याचा पांढरा थर बसतो, खाली पाईप गंजतो, फळी काळी पडते. कूलर डेकबाहेर स्वतंत्र स्टँडवर ठेवा. कुंड्यांखालीही स्टँड हवेत.

प्रश्न : शेतातली मोठी बाभूळ वादळात पडली. तिच्याच फळ्या काढून ओट्यावर टाकल्या तर?
– एक वाचक, मानवत

उत्तर : ताई, बाभूळ गाडीला-औताला चालते ती उगाच नाही, टणक लाकूड आहे. पण ओली फळी ठोकलीत तर उन्हाळ्यात पिळवटून स्क्रू उपटून काढेल. आपल्याकडं ओंडका आधी पाण्यात बुडवून ठेवायची रीत होती, ती चांगली होती. त्यानंतर फळ्या काढा, मध्ये पट्ट्या देऊन सावलीत रचा, टोकांना रंग लावा म्हणजे तडे कमी जातील. इंचभर जाडीला एक उन्हाळा-पावसाळा धरा. घाई असेल तर बाक करा, ओटा नको.

प्रश्न : डेकला दर वर्षी व्हार्निश मारतो, तरी पापुद्रे सुटतात.
– एक वाचक, नांदेड

उत्तर : व्हार्निश आत मुरत नाही, वर बसतं. खाली लाकूड हलतं, वरचा थर तडकतो आणि पाणी आत शिरतं. सगळं घासून काढा आणि उकळलेलं जवसाचं तेल पाजा. पेंटच्या दुकानात मिळतं ते. घाण्यावरचं तेल वाळता वाळत नाही, ते चटणीला ठेवा. दिवाळीनंतर, ऊन कलल्यावर लावा आणि मुरेना झालेलं पुसून घ्या. पुढं फळीवर पाण्याचे थेंब टाकून बघायचं : थांबले तर ठीक, लगेच मुरले तर तेलाची वेळ झाली. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा.