गप्प राहिलो तर माझं ईमान कच्चं का?

‘मॅडम, एवढं बघूनही मी काहीच केलं नाही. मग माझं ईमान, म्हणजे श्रद्धा, कच्चं का?’ हा प्रश्न समुपदेशनात माझ्याकडे अनेक तोंडांनी येतो. कधी एखादी आई विचारते, पोरगा रात्ररात्र मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो, त्याला आवरू कसा? कधी नोकरी करणारी मुलगी विचारते, ऑफिसच्या ग्रुपवर असलं चित्र आलं, ग्रुप सोडू की भांडू? पैगंबर मुहम्मद (स.) यांची टिंगल करणारं व्यंगचित्र, एखादं मीम, एखादा शिवराळ व्हिडिओ. मुस्लिम घरातल्या मुलांच्या नजरेस हे सगळं आज शाळेतच पडतं. त्याचं करायचं काय, हे मात्र त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

मिरजेकडच्या एका कुटुंबाचा अनुभव त्यांच्या संमतीने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, वडील टेम्पो चालवतात. आई त्याला घेऊन आली ती झोप नाही, जेवण नाही ही तक्रार घेऊन. ‘आपा, हुजूर के बारे में कुछ आया मोबाइलपे, तबसे ये ऐसाच बैठके रहता,’ ती म्हणाली. तिच्या मनात आणखी एक भीती होती. जून 2023 मध्ये कोल्हापुरात मोबाईलच्या स्टेटसवरून दगडफेक झाली, दुकानं फुटली. ते सगळं तिने नातेवाइकांकडून ऐकलं होतं. आपल्या पोराचं नाव पोलिसांच्या कागदावर चढलं तर त्याच्या नोकरीचं काय, या विचाराने तिचाही डोळ्याला डोळा लागत नव्हता.

मी त्याला एकट्याला आत बसवलं. त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि वर हात दाबून धरला. हळूहळू कळलं ते असं, की ज्याच्या गाडीवर बसून तो रोज कॉलेजला जायचा, त्या मित्रानेच एक व्यंगचित्र स्टेटसला ठेवलं होतं. त्या दिवसापासून हा कॉलेजला गेलेला नव्हता. मग त्याने फोन उलटा करून माझ्यापुढे सरकवला. मला वाटलं, चित्र दाखवतोय. पण तो त्या मित्राला लिहिलेला, न पाठवलेला मेसेज होता. सुरुवात ‘भावा’ अशी. चार ओळींनंतर शिव्या. शेवटी धमकी. ती धमकी खोडून पुन्हा लिहिली, हे त्यानेच सांगितलं. भावंडांच्या एका ग्रुपवर दुसरंच चाललं होतं. ज्याचं रक्त खवळत नाही तो कसला उम्मती (पैगंबरांचा अनुयायी), असं तिथे रोज कुणी ना कुणी लिहीत होतं.

अशा वेळी घरातली मोठी माणसं ‘सोडून दे, एवढं काय त्यात’ म्हणतात. त्यांना भांडण टाळायचं असतं, पण मुलाला ऐकू येतं ते असं की तुझं प्रेमच फालतू आहे. मग तो घरच्यांपासून तुटतो आणि ग्रुपकडे ओढला जातो. पाच वेळच्या नमाजात ज्यांच्यावर दरूद (सलामतीची दुआ) पढायचं, ज्यांचं नाव अजानमध्ये घ्यायचं, त्यांचं विद्रूप चित्र पाहून काळीज दुखणारच. ‘अम्मीचं असं चित्र कुणी काढलं असतं तर?’ असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, दुखलं असतं, आणि दुखायलाच हवं होतं. कुरआनात सूरह हिज्र या अध्यायात अल्लाह खुद्द पैगंबरांना सांगतो, की या लोकांच्या बोलण्याने तुमचं मन कोंडतं हे आम्हाला ठाऊक आहे. पुढच्याच आयतीत त्यावरचा मार्ग येतो, तस्बीह, म्हणजे अल्लाहचं स्तवन, आणि सजदा, म्हणजे त्याच्यापुढे माथा टेकणं. म्हणजे त्यांनाही लागत होतं. त्या मुलाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, ते त्या भेटीत पहिल्यांदा.

मग आम्ही रागाकडे वळलो. ‘हा मेसेज लिहिताना तू कुठे होतास?’ गच्चीवर. ‘बसला होतास?’ नाही, येरझाऱ्या घालत होता, रात्री एक वाजता. मी त्याला मकतबमध्ये, म्हणजे लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात, पाठ केलेली हदीस (पैगंबरांचं वचन) आठवायला सांगितली. ती त्याने घडाघडा म्हटली. राग आला आणि उभे असाल तर बसा, तरीही गेला नाही तर आडवे व्हा. वुजू करा, म्हणजे नमाजाआधी धुतो तसे हातपाय-तोंड धुवा, असंही दुसऱ्या हदीसमध्ये आहे. पाठांतर पक्कं होतं, पण त्या रात्री गच्चीवर त्याचा उपयोग करावा असं त्याला सुचलं नव्हतं. आमच्या मानसशास्त्रातही हेच आहे. राग चढला की श्वास आणि नाडी वाढते, स्नायू ताठतात, आणि अशा शरीराला हालचाल थांबवून गार पाणी मिळालं की डोकं पुन्हा विचार करू लागतं. आमचं ठरलं ते साधं होतं. रात्री फोन अम्मीच्या कपाटात, वुजू करून आडवं व्हायचं, आणि कुठलाही मेसेज फजरच्या (पहाटेच्या) नमाजाआधी पाठवायचा नाही.

झोप सुधारली तसे त्याचे खरे प्रश्न बाहेर आले. हुशार मुलगा. कुठून कुठून व्हिडिओ बघून आला होता. कअब बिन अश्रफचं काय, असं त्याने विचारलं. पैगंबरांविरुद्ध कविता करणाऱ्या या माणसाला पैगंबर मदीनेत असतानाच्या काळात ठार केलं गेलं, तो प्रसंग. मी काही लपवलं नाही. जुन्या फिक्हच्या, म्हणजे धर्मकायद्याच्या, ग्रंथांत निंदेला कडक शिक्षा सांगणारी मतं आहेत. पण कअबच्या बाबतीत बद्रच्या लढाईनंतर मक्केला जाऊन पैगंबरांच्या विरोधातल्या कुरैश टोळीला चिथावणं, करार मोडणं हा भाग होता, असं अनेक आलिम (धर्मपंडित) सांगतात. आणि कडक मत मांडणाऱ्या फकीहांनीही (धर्मकायद्याच्या जाणकारांनीही) शिक्षेचा अधिकार राज्याच्या आणि काझीच्या हाती ठेवला आहे, गल्लीतल्या पोराच्या नाही. आपल्याकडे मौलाना वहीदुद्दीन खान यांनी तर निंदेला जगात शिक्षा कुरआनाने सांगितलेलीच नाही, अशी भूमिका आयुष्यभर मांडली. सगळ्या आलिमांना ती पटत नाही, हेही मी त्याला सांगितलं. मी आलिमा नाही, म्हणून त्याच्या मोहल्ल्यातल्या पेश इमामांनाही एका भेटीला बोलावलं.

इमामसाहेबांनी त्याला एकच प्रसंग सांगितला, तो मी पुन्हा पुन्हा वापरते. अब्दुल्लाह बिन उबय हा वरवर मुसलमान झालेला माणूस मदीनेत राहून पैगंबरांना हिणवायचा, लोकांना त्यांच्याविरुद्ध फोडायचा. पैगंबरांचे निकटचे सोबती हजरत उमर म्हणाले, परवानगी द्या, याची मान उडवतो. पैगंबर म्हणाले, राहू दे, नाहीतर लोक म्हणतील मुहम्मद आपल्याच सोबत्यांना मारतात. पुढे तो माणूस मेला तेव्हा त्याच्या कफनासाठी त्यांनी आपला कुर्ता दिला. ‘हजरत उमरपेक्षा तुझं प्रेम जास्त आहे का बेटा?’ इमामसाहेबांनी विचारलं. मुलगा काही बोलला नाही.

व्यंगचित्राच्या बाबतीत मला आणखी जवळची वाटते ती बुखारी या हदीस-संग्रहातली एक हदीस. कुरैश ‘मुहम्मद’, म्हणजे ज्याची स्तुती होते तो, हे नाव बिघडवून ‘मुजम्मम’, निंद्य, असं म्हणत शिव्या द्यायचे. त्यावर पैगंबर म्हणाले, बघा, अल्लाहने त्यांच्या शिव्या माझ्यापासून कशा दूर ठेवल्या. ते कुणा मुजम्ममला शिव्या देतात, मी तर मुहम्मद आहे. मी त्या मुलाला म्हटलं, त्या कागदावर कुणीतरी आपल्याच मनातला द्वेष रेखाटलाय. तुझे हुजूर त्या चित्रात नाहीत. त्याने हे वाक्य वहीत लिहून घेतलं.

पण ‘मग काहीच करायचं नाही का?’ हा त्याचा प्रश्न रास्त होता. करायचं आहे, आणि पुष्कळ करता येतं. पैगंबरांनी हस्सान बिन साबित या कवीला कुरैशांच्या टवाळीला कवितेनेच उत्तर द्यायला सांगितलं होतं. शब्दाला शब्द. सूरह निसामध्ये सांगितलंय, की जिथे अल्लाहच्या आयतींची थट्टा चाललीय तिथे लोक दुसऱ्या विषयावर येईपर्यंत बसू नका. ग्रुप सोडणं, ब्लॉक करणं हेही त्यात आलं. आणि कायदा आहेच. भारतीय न्याय संहितेचं कलम 299 जाणूनबुजून, दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावण्याबद्दल आहे, 3 वर्षांपर्यंत कैद सांगतं. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतलं हे 295-अ. 1927 साली ते आलं तेच मुळी लाहोरमध्ये पैगंबरांची बदनामी करणाऱ्या एका पुस्तिकेच्या खटल्यानंतर, मुसलमानांच्या मागणीवरून. स्क्रीनशॉट, लिंक, तारीख-वेळ जपून लेखी तक्रार द्यायची. ठाण्यात नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी जायचं, मग न्यायालयात. फक्त ‘बघा रे काय लिहिलंय’ म्हणून तेच चित्र पुढे पाठवायचं नाही. अपमान करणाऱ्याचं काम त्यात आपणच करतो.

डेन्मार्कमध्ये नेमकं तेच झालं होतं. 30 सप्टेंबर 2005 ला तिथल्या एका दैनिकाने पैगंबरांवरची 12 व्यंगचित्रं छापली. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत वाद इतका पेटला की दमास्कस आणि बैरूतमधल्या डेन्मार्कच्या कचेऱ्या जळाल्या, अफगाणिस्तान, लिबिया, पाकिस्तानात निदर्शनांत माणसं मेली. आणि ती चित्रं एव्हाना देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत पुन्हा छापून आली होती. 7 जानेवारी 2015 ला पॅरिसमध्ये पैगंबरांची व्यंगचित्रं छापणाऱ्या ‘शार्ली एब्दो’ साप्ताहिकाच्या कचेरीवर हल्ला झाला, त्यातही हल्लेखोरांनी फुटपाथवर गोळी घालून मारलेला पोलीस अहमद मेराबे मुसलमान होता. दोनच दिवसांनी त्याच शहरातल्या एका ज्यू दुकानात आणखी एक हल्लेखोर शिरला, तेव्हा मालीहून आलेल्या लासाना बाथिली या मुसलमान कामगाराने गिऱ्हाइकांना तळघरातल्या शीतगृहात लपवून वाचवलं. त्या मुलाने हे नाव कधीच ऐकलं नव्हतं. कुणाचा व्हिडिओ त्याच्या ग्रुपवर फिरायला हवा होता, असं मी त्याला विचारलं.

अमरावतीचा विषयही मी टाळला नाही. 21 जून 2022 च्या रात्री औषध दुकानदार उमेश कोल्हे यांचा खून झाला. पैगंबरांबद्दल टीव्हीवर वादग्रस्त बोललेल्या नूपुर शर्मा यांना पाठिंबा देणारी पोस्ट त्यांनी ग्रुपवर टाकली होती आणि त्यावरूनच हे घडलं, असं तपास यंत्रणेचं म्हणणं आहे. आठवड्याभरात उदयपूरला तशाच कारणावरून कन्हैयालाल यांचा खून झाला. तेव्हा ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डापासून जमात-ए-इस्लामी हिंदपर्यंत सगळ्यांनी स्पष्ट निषेध केला. मला या दोन्ही घटनांचा आजही त्रास होतो. दोन घरांतले बाप गेले, आणि ज्यांच्या नावाने हे केलं त्यांनी मक्केजवळच्या ताइफ गावात दगड खाऊन, जोडे रक्ताने भरलेले असताना, त्या गावाचा नाश नाकारला होता.

मित्राला भेटायचं त्याने स्वतः ठरवलं. तयारी आम्ही एका भेटीत केली, कारण ‘तू असं का केलंस’ने सुरुवात झाली की पुढचं सगळं बचाव होतो. ‘ते बघून मला जेवण गेलं नाही’, एवढंच आधी सांगायचं ठरलं. मित्र गडबडला. चुलतभावाने पाठवलं, लोक हसत होते म्हणून ठेवलं, तुला इतकं लागेल असं वाटलं नाही, असं म्हणाला आणि माफी मागितली. स्टेटस केव्हाच गेलं होतं. वर त्यानेच विचारलं, ‘पण तुम्ही त्यांचं साधं चित्रसुद्धा का काढत नाही?’ मुलाला नीट उत्तर देता आलं नाही आणि तो माझ्याकडे स्वतःवरच चिडून आला. आता तो मराठीतून पैगंबरांचं चरित्र वाचतोय. भावंडांच्या ग्रुपवर त्याने फॉरवर्ड थांबवा असं लिहिलं, तेव्हा त्याला ‘डरपोक’ म्हणून झालं. ते त्याला चित्राहून जास्त लागलं, आणि त्यावर आमचं काम अजून चालू आहे. मैत्रीही पहिल्यासारखी नाही.

घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल तर पहिले काही दिवस फक्त ऐका. फोन हिसकावू नका, भाषण देऊ नका. झोप-जेवण दोन आठवडे रुळावर येत नसेल, कॉलेज सुटलं असेल, बोलण्यात कुणाला इजा करण्याची किंवा स्वतःला संपवण्याची भाषा येत असेल, तर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीतही बोलता येतं. तिथे कारण सांगायला संकोच वाटला तर ‘पोरगा झोपत नाही’ एवढंच सांगितलं तरी सुरुवात होते.